घास उतरत नाही : अन्ननलिकेतल्या इओसिनोफिलबद्दल अनुभव हवेत

रानजाई | ९ जून, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितेय, पूर्ण वाचा ही विनंती.

नवरा ३८ वर्षांचा. लग्न झाल्यापासून बघतेय, जेवायला बसला की पाण्याचा तांब्या शेजारी लागतोच. भाकरी आमटीत कुस्करून अगदी मऊ करणार, मटणाची फोड बोटांनी तोडून तोडून बारीक करणार. पंगतीतले सगळे हात धुवून आले तरी हा दुसऱ्या भाकरीवरच. सासूबाई कौतुकानं सांगायच्या, आमचा लहानपणापासून सावकाश, चावून जेवतो. मलाही ती चांगली सवयच वाटायची.

गेल्या पाच वर्षांत दोनदा दुर्बीण झाली. दोन्ही वेळा ‘नॉर्मल आहे, थोडी ॲसिडिटी’. एका ठिकाणी तर हे मनाचे खेळ आहेत म्हणून झोपेची गोळी लिहून दिली. मे महिन्यात गावच्या जत्रेत मटणाचा तुकडा अडकला तो अडकलाच. थुंकीसुद्धा गिळता येईना. रात्री दीड वाजता मिरजेला नेलं, दुर्बिणीतून तुकडा काढला. त्या डॉक्टरांनी नंतर पुन्हा बोलावून अन्ननलिकेतून बायोप्सी घेतली. रिपोर्टमध्ये वरच्या भागात ३१ आणि खालच्या भागात ४२ इओसिनोफिल, म्हणजे एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. नाव सांगितलं इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजे या पेशींची अन्ननलिकेतली सूज.

डॉक्टर म्हणाले, तीन वाटा आहेत. ॲसिडच्या गोळ्या जास्त मात्रेत, किंवा गिळायचं स्टिरॉइड, किंवा दूध-गहू वगैरे बंद करून बघणं. घरी बसून विचार करा म्हणाले. आमच्याकडे तीन म्हशी आहेत, दूध बंद म्हणजे काय ते सांगायला नको. तुमच्यापैकी कुणी कुठून सुरुवात केली?

आणि दुसरी काळजी. मुलगा सात वर्षांचा आहे. तोही एकेक घास गालात धरून बसतो, आठवड्यातून एखाददा उलटी करतो. मी आजवर त्याला त्यासाठी रागावत आले.

---

भिडस्त | ९ जून, रात्री ११.०५

ताई, तुमच्या यजमानांचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. तो मीच आहे. वय ३१, पुणे. ऑफिसच्या जेवणात मी कायम खिचडी नाहीतर सूप घ्यायचो. सगळ्यांना वाटायचं पथ्य करतोय. चिकन आणि कोरडा भात माझे वैरी. पोळी खाताना दर दोन घासांना पाणी. हे सगळं आजारामुळे करतोय हे मला स्वतःला कळायला बारा वर्षं लागली, कारण त्रास होऊ नये म्हणून मी आधीच इतकी तजवीज करून ठेवलेली असायची की डॉक्टरांनी ‘गिळताना त्रास होतो का’ विचारलं की मी खुशाल ‘नाही’ म्हणायचो.

मला गोळ्यांनी गुण आला. उद्या सविस्तर लिहितो.

---

हणमंतराव_७१ | १० जून, सकाळी ६.४०

मुली, घाबरू नकोस. आमच्या पिढीत असले आजार नव्हते. घाईघाईनं गिळणं, जेवताना मोबाइल, रात्रीचं उशिरा जेवण, यानं पित्त वर चढतं. जेवणाआधी चमचाभर साजूक तूप कोमट पाण्यातून देऊन बघ. मला चाळीस वर्षं उपयोग झालेला आहे.

---

सूक्ष्मदर्शी | १० जून, दुपारी १.२०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुमचे तुकडे काचेवर बघणारी. रुग्ण बघत नाही, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं ते तुमचे डॉक्टरच सांगतील. रिपोर्टबद्दल मात्र हक्कानं लिहिते.

इओसिनोफिल ही रक्तातलीच पांढरी पेशी. इओसिन नावाच्या गुलाबी रंगानं तिच्यातले कण लालबुंद दिसतात, म्हणून पाउल एर्लिख यांनी १८७९ साली तिला हे नाव दिलं. इओस म्हणजे ग्रीकांची उषा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की नाव पटतं, खरंच पहाटेचा रंग असतो तो.

ही पेशी जठरात, लहान आतड्यात, मोठ्या आतड्यात थोड्या संख्येनं असतेच. मोठ्या आतड्यात तर उजव्या बाजूला जास्त, डाव्या बाजूला कमी. त्यामुळे तिथे ‘इओसिनोफिल दिसले’ एवढ्यावरून आजार ठरत नाही, किती आणि कुठे हे बघावं लागतं. निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात मात्र त्या नसतातच म्हणा. तिथे मोठ्या भिंगाखालच्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त दिसल्या, सोबत गिळण्याचा त्रास आहे, आणि दुसरं कारण सापडत नाही, तर हा आजार. रानजाईंच्या घरच्या आकड्यांत शंकेला जागा दिसत नाही.

आता पहिल्या दोन दुर्बिणींबद्दल. या आजारात डोळ्यांना कडी-कडीसारख्या वळ्या, उभ्या चरा, पांढरे ठिपके, सूज किंवा अरुंदपणा दिसतो. पण काहींत अन्ननलिका वरून बऱ्यापैकी नितळ दिसते. आणि पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या नसतात, कुठे झुबका तर कुठे शून्य. म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून मिळून किमान सहा तुकडे घ्यावेत असं सांगितलं जातं. माझ्याकडे कित्येकदा जठराचे दोन तुकडे येतात आणि अन्ननलिकेचा एकही नाही, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘घास अडकतो’. मला फार वाईट वाटतं. ज्याला घास अडकतो त्याची अन्ननलिका कितीही चांगली दिसो, तुकडा घ्यायलाच हवा. दुर्बिणीच्या आधी रुग्णानं किंवा घरच्यांनी ‘बायोप्सी घेणार ना?’ एवढं विचारलं तरी पुरे.

हणमंतराव काका, पूर्वी हा आजार नव्हता असं नाही म्हणता येणार, नाव नव्हतं. अमेरिकेत ॲटवुड यांनी १९९३ला आणि स्वित्झर्लंडमध्ये स्ट्राउमान यांनी १९९४ला तो वेगळा ओळखला. त्याआधी हे सगळं ॲसिडिटीच्याच खात्यात जमा व्हायचं. आता रुग्ण खरोखरच वाढतही आहेत, ते निराळं.

---

हणमंतराव_७१ | १० जून, दुपारी ४.०२

डॉक्टरीणबाई, माहितीबद्दल आभार. पण तुपानं अपाय तर नाही ना?

---

तिखटमीठ | १० जून, दुपारी ४.३०

काका, इथे अपाय होऊ शकतो. तूप दुधाचंच, आणि या आजारात सगळ्यात जास्त वेळा दोषी ठरतं ते दूधच. तुमच्या पित्ताला तूप मानवलं असेल, तो आजारच वेगळा होता.

---

सातपुडा | १० जून, रात्री ९.४८

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, पण विषय तोच म्हणून लिहितो. मुलगी तेव्हा १४ वर्षांची. पोटात कळा, जुलाब, आणि महिन्याभरात पोट फुगायला लागलं. सोनोग्राफीत पोटात पाणी. जळगावात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, टीबी. आपल्याकडे पोटात पाणी म्हटलं की आधी तोच संशय येणार, त्यात डॉक्टरांची चूक म्हणत नाही. टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आदल्या दिवशी एका तरुण डॉक्टरांनी रक्ताचा जुना रिपोर्ट उलटून बघितला. इओसिनोफिलचा आकडा ६,२००. पाचशेच्या आत असायला हवा. तो आकडा तीन आठवडे फायलीत होता, कुणी त्यावर बोट ठेवलं नव्हतं.

पोटातलं पाणी सुईनं काढून तपासलं तर तेही इओसिनोफिलनं भरलेलं. आतड्याचा आजार अस्तरात असला तर जुलाब होतात, स्नायूच्या थरात असला तर आतडं अडतं, आणि बाहेरच्या आवरणात असला तर असं पाणी होतं, असं आम्हाला कागदावर चित्र काढून समजावलं. तिच्या जठराचे आणि लहान आतड्याचेही तुकडे घेतले. त्यात थोडंच सापडलं, कारण तिचा आजार मुख्यतः बाहेरच्या थरात होता आणि दुर्बिणीचा चिमटा तिथवर पोचत नाही.

पुढचा भाग नीट वाचा. स्टिरॉइड लगेच दिलं नाही. आधी तीन दिवस शौचाची तपासणी, मग जंताचं औषध. मी विचारलं, लेकरू एवढं तळमळतंय, उशीर कशाला? तर म्हणाले, स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत असतो, उघड्या पायांनी शेतातल्या ओल्या मातीत फिरणाऱ्यांना होतो. तोही इओसिनोफिल वाढवतो, आणि तो पोटात असताना स्टिरॉइड दिलं तर अंगभर पसरून जिवावर बेततं. नेहमीच्या जंताच्या औषधानं, अल्बेंडाझोलनं, तो जाईलच याचा भरवसा नाही, आयव्हरमेक्टिन लागतं. आमची पोर सुट्टीभर मामाच्या केळीच्या बागेत अनवाणीच असायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

जंत काही निघाला नाही. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलं, आठ-दहा दिवसांत पोट उतरलं, दोन महिन्यांत गोळी कमी करत थांबवली. वर्षानं पुन्हा उलटलं, पुन्हा थोडे दिवस घ्यावी लागली. आता तीन वर्षं ठणठणीत आहे, जळगावातच बी.एस्सी. करतेय.

---

रानजाई | १० जून, रात्री १०.३०

सातपुडा दादा, वाचताना डोळ्यांत पाणी आलं. लेकीला खूप आशीर्वाद. आमच्याकडे जंताची तपासणी झालेली नाही, उद्याच विचारते. ऊसपट्ट्यातली माणसं आम्ही, चिखलात पाय असतातच.

---

सूक्ष्मदर्शी | ११ जून, सकाळी ८.१५

सातपुडा यांनी लिहिलेलं मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे (नाव-गाव नाही तसंही). एक जोड देते. आतड्यात इओसिनोफिल वाढण्याची कारणं बरीच असतात. जंत, काही औषधं, क्रोन्ससारखे आतड्याच्या सुजेचे आजार, क्वचित रक्ताचे विकार. ती एकेक करून बाजूला सारल्यावरच हे निदान करायचं. फक्त अन्ननलिकेचा आजार असेल तर रक्तातला आकडा कधीकधी साफ नॉर्मल असतो, त्यामुळे ‘रक्तात नाही म्हणजे आजार नाही’ हेही खरं नाही.

---

हणमंतराव_७१ | ११ जून, सकाळी ९.००

माझ्या रक्तात इओसिनोफिल ९ टक्के आहेत. दरवर्षी ऑक्टोबरात शिंका आणि दमा. मलाही हा आजार आहे का?

---

भिडस्त | ११ जून, सकाळी ९.४०

काका, तुम्ही परवाच दुसऱ्या धाग्यावर सहा पुरणपोळ्या खाल्ल्याचं लिहिलंय. घास अडकणाऱ्या माणसाला दुसरीच निभत नाही :)

पण दमा आणि या आजाराचं नातं खरं आहे. मलाही लहानपणी दमा होता, भावाला इसब आहे. दमा, शिंका, इसब असणाऱ्यांत हा जास्त दिसतो, आणि पुरुषांत बायकांच्या साधारण तिप्पट.

आता कालचं राहिलेलं. मला ओमेप्राझोल २० सकाळ-संध्याकाळ दिलं. मी म्हटलं, ही तर ॲसिडिटीची गोळी, आणि तुम्हीच म्हणता ॲसिडिटी नाही. तर ही गोळी ॲसिड कमी करतेच, शिवाय अस्तरातून इओसिनोफिलला बोलावणारा जो रासायनिक निरोप जातो तोही दाबते. पूर्वी या गोळीनं बरा झाला तर तो हा आजारच नव्हे असं मानायचे, २०१८पासून तो नियम काढून टाकला. साधारण निम्म्या लोकांना गुण येतो. दहा आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण केली, ३८चे २ झाले होते. गोळी स्वस्त आहे, म्हणून माझं मत, सुरुवात इथून.

---

पैलतीर | ११ जून, सकाळी ११.१०

न्यू जर्सीहून. माझ्या मुलाला दहाव्या वर्षी निदान झालं. गोळ्यांनी फरक नाही, दूध-गहू बंद करून अर्धवट फरक. इथे मे २०२२ मध्ये ड्युपिलुमॅब या इंजेक्शनला १२ वर्षांवरच्या आणि ४० किलोंच्या पुढच्या मुलांसाठी मंजुरी मिळाली. आम्ही अक्षरशः वजनकाट्याकडे डोळे लावून बसलो होतो. विमा कंपनीनं दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा मान्य केलं. दर आठवड्याला टोचावं लागतं. सहा महिन्यांनी त्यानं पहिल्यांदा अख्खं बर्गर संपवलं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. (जानेवारी २०२४ पासून एक वर्षावरच्या, १५ किलोंच्या पुढच्या मुलांनाही मान्य झालंय.)

रानजाई, मुलाला रागावल्याचं मनाला लावून घेऊ नकोस, मीही तेच केलं होतं. मोठ्यांचा घास अडकतो, लहान मुलांत उलट्या, पोटदुखी, खाण्याचा कंटाळा, वजन न वाढणं असं दिसतं. आणि वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. बालपोटविकारतज्ज्ञांना दाखवच.

---

गवतीचहा | ११ जून, दुपारी २.२५

एवढ्या दुर्बिणी कशाला? मी रक्ताची २२० पदार्थांची ॲलर्जी तपासणी केली. आयजीजी म्हणतात. एकाच वेळी सगळं कळतं. मला ४१ पदार्थ निघाले, त्यात वांगं आणि वेलचीसुद्धा.

---

सूक्ष्मदर्शी | ११ जून, दुपारी ३.००

गवतीचहा, तुमचा खर्च झाला त्याचं वाईट वाटतं, पण इथे बाकीचे वाचताहेत म्हणून स्पष्ट लिहिते. आयजीजी तपासणीत बहुधा आपण नेहमी काय खातो तेवढंच कळतं. दुसरी आयजीई तपासणी, किंवा त्वचेवरची, ही शेंगदाणा खाऊन अंगावर गांधी उठतात त्या ॲलर्जीसाठी उपयोगाची आहे. इओसिनोफिलिक आजारात कुठला पदार्थ दोषी ते या दोन्हींनी भरवशानं कळत नाही. पदार्थ थांबवायचा, दुर्बीण करायची, परत सुरू करायचा, परत दुर्बीण. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचा मार्ग आज तोच. ४१ पदार्थ सोडून वजन घटवू नका.

---

गवतीचहा | ११ जून, दुपारी ३.१८

आधीच १४०० ग्रॅम उतरलंय. वांग्याचं भरीत आजच करते मग.

---

तिखटमीठ | ११ जून, रात्री ८.५०

पथ्याबद्दल मी लिहिते, कारण मी स्वतः दोन वर्षं केलंय. मूळ पद्धतीत सहा गट एकदम बंद करतात. दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे व सुकामेवा, मासे व कालवं-कोळंबी. कागदावर सहा ओळी. मराठी स्वयंपाकघरात हे म्हणजे डबेच रिकामे. दाण्याचं कूट कशात नसतं? माझी एकादशीसुद्धा मोडली, साबुदाण्याची खिचडी दाण्याशिवाय कशी करायची?

म्हणून आधी फक्त दूध बंद करा. अमेरिकेत १२९ प्रौढांवर झालेल्या, २०२३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सहा आठवड्यांनी सहाही गट सोडणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांची बायोप्सी सुधारली, आणि नुसतं दूध सोडणाऱ्यांपैकी ३४ टक्क्यांची. एवढ्याशा फरकासाठी पहिल्याच फटक्यात सगळं घर वेठीला धरायचं कारण नाही.

अडचणी कुठे येतात ते सांगते. म्हशीचं किंवा शेळीचं दूध चालेल असं समजू नका, प्रथिनं बरीच सारखी असतात. लॅक्टोज काढलेलं दूधही नाही, कारण भांडण साखरेशी नाही, प्रथिनाशी आहे. ताक, दही, खवा, पनीर, सगळं बंद. बिस्किटं आणि ब्रेडची पाकिटं उलटून वाचा, दुधाची पावडर असते. मी सोलकढी आणि नारळाच्या दुधावर काढलं. गहू सोडायची वेळ आली तर आपल्याइतकं भाग्य कुणाचं नाही, ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेच. पण हिंग! बाजारातल्या बांधणीच्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ असतं. माझे दोन महिने त्यात वाया गेले, फोडणीत रोज चिमूटभर जात होतं आणि मी मात्र ज्वारीची भाकरी खाऊन खूश. आणि मुलांचं पथ्य आहारतज्ज्ञाशिवाय करू नका, कॅल्शियम आणि वजन दोन्ही बघावं लागतं.

---

पोहेकर | ११ जून, रात्री ९.३१

बिनगव्हाचा हिंग कुठे मिळतो? बायकोला सीलियाक आहे, गहू चालत नाही.

---

तिखटमीठ | ११ जून, रात्री ९.४४

तांदळाच्या पिठात बांधलेला मिळतो, पाकिटावर घटक वाचून घ्या. नाहीतर लसणाची फोडणी द्या, मी तेच करते.

---

भिडस्त | १२ जून, सकाळी ८.२०

एक महत्त्वाचं राहिलं. घास अडकला आणि थुंकीही उतरत नसेल तर वरून पाणी पाजू नका, केळं ढकलू नका, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं. सरळ हॉस्पिटल गाठा.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जून, दुपारी १.०५

आणि ‘आता सवय झालीये, चाललंय की’ म्हणून सोडून देऊ नका. सूज वर्षानुवर्षं राहिली की अन्ननलिकेत व्रणासारखे तंतू साचतात आणि ती अरुंद होते. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासात, त्रास सुरू झाल्यावर दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी १७ टक्क्यांची नळी अरुंद झालेली होती, आणि वीस वर्षांपेक्षा जास्त उशीर झालेल्यांपैकी ७१ टक्क्यांची. अरुंद झालेली नळी फुग्यानं रुंद करता येते, खूप बरं वाटतं, पण त्यानं सूज जात नाही, औषध किंवा पथ्य लागतंच.

---

रानजाई | २८ सप्टेंबर, रात्री ९.५५

मंडळी, विचारून गायब झाले, माफ करा. ऊसाची लागण आणि दुर्बिणींच्या तारखा यांतच पावसाळा गेला.

भिडस्तांचं ऐकून गोळ्यांपासून सुरुवात केली. शौचाची तपासणी आधी झाली, काही निघालं नाही. महिन्याभरात नवरा म्हणायला लागला, मला बरं वाटतंय, दुसरी दुर्बीण कशाला, पैसे वाचव. मलाही तेच वाटत होतं. पण इथलं वाचलं होतं म्हणून हट्टानं नेलं. अकरा आठवड्यांनी वर १९, खाली २८. म्हणजे बरं वाटत होतं, बरं झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, लक्षणं आणि सूज बरोबरीनं चालतील असं नसतं.

आता ब्युडेसोनाइड, म्हणजे ते गिळायचं स्टिरॉइड, सुरू आहे. दम्याच्या वाफेच्या यंत्रात घालतात त्याच छोट्या कुप्या, मधात घट्ट कालवून दिवसातून दोनदा गिळायच्या. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, म्हणजे ते अन्ननलिकेला चिकटून राहतं. मग चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंडात बुरशी येते. युरोपात यासाठी तोंडात विरघळणारी तयार गोळी २०१८पासून आहे म्हणे, आम्हाला इथे मधच कालवायला सांगितला.

पोराला मिरजेतच दाखवलं. भूल देऊन दुर्बीण झाली, सहा तुकडे घेतले. मी आधी विचारलं होतं, ‘अन्ननलिकेचे घेणार ना?’ त्याचे ५५ निघाले. त्याचं दूध पंधरा दिवसांपूर्वी बंद केलं. सासूबाईंना कसं सांगू या विचारानं माझी झोप उडाली होती, पण त्यांनीच दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी नाचणीची आंबील ताकाऐवजी नारळाच्या दुधात केली. डिसेंबरात पुन्हा दुर्बीण आहे.

तिखटमीठ ताई, शाळेच्या डब्यासाठी दूध आणि दही नसलेलं काही सुचवा ना. रोज थालीपीठ दिलं तर आता तो डबा परत आणतो.

---

तिखटमीठ | २८ सप्टेंबर, रात्री १०.२०

घावन दे, मऊ असतात आणि गार झाले तरी उतरतात. बरोबर गूळ-खोबरं. सोमवारी तांदळाची उकड दे, पण दही वगळून, चिंचेच्या कोळात. बाकी यादी उद्या टाकते, तुझ्याकडे नाचणी सत्त्व मिळतं का ते कळव.